म्हाळाच्या दिवशी कुत्रीनं तोंड फिरवलं

मी भांडखोर आहे, असं माझ्या सासरचं मत आहे आणि ते अगदी बरोबर आहे. लग्न होऊन आले तेव्हा नव्हते. गाईंनी, विजेच्या वेळापत्रकानं आणि धाकट्या दिरांनी मिळून मला तशी केली. आजवर जितकी भांडणं केली त्यातली निम्मी उगाच केली असतील, ती मी सोडून देते. पण एक भांडण कुत्रीवरून झालं, भर पितृपंधरवड्यात, पंगत बसलेली असताना. त्याबद्दल माझ्या माहेरच्यांनीसुद्धा मला नावं ठेवली. ठेवू देत.

आमची वस्ती बेल्ह्याच्या शिवारात, गावापासून लांब, मळ्यात. घरं थोडी, सगळी एकाच भावकीची. मधे ऊस, मका, पलीकडं ओढा. नवरा चाकणला कंपनीत असतो, सुट्टीला येतो. घरी मी, सासू आणि गाई. शेजारच्या घरात धाकटे दीर. त्यांची पिकअप आणि त्यांची जीभ, दोन्हीला ब्रेक कमी. सासूला मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा म्हणायचे. आमच्याकडं तीच रीत आहे.

कुत्री मामांची. एकदा ते बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला गेले. बैल काही पटला नाही, आणि कुणाच्या तरी टेंपोखाली कुडकुडत बसलेलं पिल्लू टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. आत्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. "बैल आणाय पाठवलं तर कुत्रं घेऊन आलं. आता नांगराला हिला जुंपा." मामा नुसते हसले. त्यांनी तिचं नावसुद्धा ठेवलं नाही. 'यू यू' केलं की येते, मग नावाचं काय लोणचं घालायचंय, असं त्यांचं म्हणणं.

मामा गेले ते पोटाच्या दुखण्यानं. सकाळी दुखायला लागलं, तर म्हणाले, वारं धरलंय. आत्यांनी ओवा-मीठ दिलं, मग लिंबू-सोडा, मग पोटाला शेक. मी त्याच दुपारी म्हटलं, गाडी काढा. तर मामाच माझ्यावर डाफरले, "पोरी, एवढ्या-तेवढ्याला दवाखाना केला तर लोकं हसतील." दीर म्हणाले, "वहिनीला जिथं तिथं आग लागलेलीच दिसती." शेवटी नेलं तेव्हा आतडं फुटलं होतं. उशीर केलात, एवढंच डॉक्टर म्हणाले. आत्यांनी ते शब्द पुन्हा कधी तोंडातून काढले नाहीत, पण त्यानंतर कित्येक दिवस त्या चुलीपुढं बसल्या की बसूनच राहायच्या, भाकरी करपली तरी. मी बोलले होते आणि माझं कुणी ऐकलं नाही, याचं मला समाधान नाही. संताप आहे. त्या संतापातच मी ठरवून टाकलं, या घरात पुन्हा कुणाचं पोट बिघडलं तर मी कुणालाही विचारत बसणार नाही.

मामा गेल्यावर कुत्री आपणहून आत्यांच्या बाजेखाली झोपायला लागली. जिला नांगराला जुंपायला निघाल्या होत्या, तिला आत्या आता पहिली भाकरी काढून ठेवत. तिच्याशी बोलत. "तुझा मालक कुटं गेला गं?" असं विचारत, आणि ती दाराकडं बघे. ते मला बघवायचं नाही. मी उठून गोठ्यात जायची.

आता म्हाळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पितृपंधरवड्यात घरटी म्हाळ असतो, आणि प्रत्येक घराची तिथी वेगळी. ज्याचा बाप ज्या तिथीला गेला, ती त्याची तिथी. खीर, वडे, कढी, भोपळा, गवार, कारलं, सगळं करायचं. माणसं जेवायच्या आधी एक पान कावळ्याला, एक गाईला, एक कुत्र्याला. पूर्वी आमच्या वस्तीवर दर घराला आपलं कुत्रं होतं. मग उसातल्या बिबट्यानं ती एकेक करून नेली. आमची तेवढी राहिली, कारण मामांनी तिच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधला होता आणि आत्या तिला दिवे लागायच्या आत घरात घेत. त्यामुळं झालं असं, की सगळ्या भावकीच्या पितरांचा घास खायला कुत्रं उरलं एकच. ज्या घरी म्हाळ, त्या घरची बाई पान घेऊन आमच्या अंगणात हजर. कधीकधी एका दिवशी दोन घरचे म्हाळ, म्हणजे दोन पानं.

पितरांचा घास ताटलीत वाढत नाहीत, पानावर वाढतात. पण पळसाची पानं आणायला डोंगराकडं जायला सवड कुणाला आहे? दुकानात चंदेरी द्रोण मिळतात, आतून चकाकणारे. खीर गळत नाही, तूप झिरपत नाही. द्रोण म्हटलं म्हणजे आमच्या लेखी पानच झालं. कुत्री खीर चाटायची, तूप लागलेला द्रोण चावायची आणि तोही गिळून मोकळी व्हायची. त्यावर बायका काय खूश! "अगं बाई, पानासकट खाल्लं!" म्हणजे पितर इतके तृप्त झाले, की मागं काही ठेवलं नाही. ज्या घरचं पान कुत्रीनं पानासकट खाल्लं, त्या घरची बाई वर्षभराचं पुण्य पदरात पडल्यागत घरी जायची. आत्यासुद्धा हात जोडायच्या. त्या अंगणात आम्ही इतक्या जणी उभ्या असायचो, मोबाईलवर जगाच्या बातम्या बघणाऱ्या, पण तो द्रोण कागदाचा आणि प्लास्टिकचा आहे हे एकीच्याही मनात आलं नाही.

त्या वर्षी मामांचा पहिला म्हाळ होता, आणि नवऱ्याला नेमकी सुट्टी मिळाली नव्हती. आदल्या दिवशी सकाळी कुत्री ओकली. खीर, वड्याचे तुकडे, सगळं बाहेर. मी राख टाकून उचललं. कुत्रं ओकलं म्हणून मी काही गाव गोळा करत नाही. कुत्रं गवत खातं, ओकतं आणि परत शेपूट हलवत भाकरी मागतं. तसं असलं की एक वेळ पोट रिकामं ठेवावं, थोडं थोडं पाणी द्यावं, आणि आपणही गप बसावं. शेजारणीही तेच म्हणाल्या, "म्हाळाचं जास्त झालं. उपास घडू द्या." मीही म्हटलं, बरोबर आहे.

पण दुपारी ती पाणी प्याली आणि पाणीही उलटून पडलं. पुन्हा प्याली, पुन्हा पडलं. मग पिवळा फेस. ओट्यामागं जाऊन बसायची, कुंथायची, होत काहीच नव्हतं. भाकरीचा तुकडा नाकाशी धरला तर नुसता वास घेतला. पुढचे पाय पसरून छाती भुईला टेकवायची आणि मागचं अंग वर धरून तशीच राहायची. आळस देताना कुत्रं असं करतं, पण लगेच सरळ होतं, ही होईना. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, तर चिकट आणि पांढरट. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. गाईचं वासरू हगवणीनं सुकतं तेव्हा आम्ही हेच बघतो. म्हणजे हीही सुकत चालली होती.

त्या दिवशी नशिबानं गाईंचे डॉक्टर शेजारच्या गोठ्यात आले होते. त्यांना मी मोटारसायकलला किक मारता मारता पकडलं. माणूस भला. कुत्रीचं पोट चाचपलं, ओकारीचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. मग म्हणाले, "ताई, माझ्या पिशवीत एवढंच आहे. नुसतं पोट बिघडलं असेल तर उद्या ही पाणी पिऊन बसलेली दिसेल. पण आत काही अडकलं असेल, तर इंजेक्शनानं ओकारी थांबेल आणि अडकलेलं तिथंच राहील. उद्या सकाळी पाणी ठरलं नाही, शी झाली नाही, तर माझी वाट बघू नका. जिथं पोटाचा फोटो काढतात, वेळ पडली तर पोट उघडतात, तिथं न्या." मंचरच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला. आणि जाताना बजावलं, "तोंडातून जबरदस्तीनं काही ओतू नका. ताक नाही, तेल नाही."

सकाळी तिचं पोट ढोलासारखं ताणलं होतं. पाणी ठरलं नव्हतं. उठताना मागचे पाय लटपटत होते. मी चुलीवर खीर ठेवून दिरांच्या दारात गेले. ते टोमॅटोचे क्रेट गाडीत रचत होते. म्हटलं, भाऊजी, माल नारायणगावला टाकायला जाताय तर कुत्रीला आणि मला पुढं मंचरला सोडा.

त्यांनी हातातला क्रेट खाली ठेवला. "वहिनी, आज बापाचा म्हाळ हाय. पावणं येनार. आन तुमी कुत्र्याला सहलीला नेताय? लोकं शेण घालतील तोंडात. माल मी दुपारून नेनार हाय."

"मग मी एसटीनं जाते."

"एसटीत कुत्रं घेत न्हाईत. हाफ तिकीटसुद्धा न्हाई."

मी काहीतरी सणसणीत बोलणार तेवढ्यात आत्या मधे पडल्या. म्हणाल्या, "आदी पान तर होऊ दे. त्यांच्या हातानं वाढलेली हाय ती. त्यांचं पान टाकायची न्हाई. पोटात घास गेला की व्हईल बरी." त्यांचा चेहरा असा होता, की मला नाही म्हणवेना. नवऱ्याचा पहिला म्हाळ. मी म्हटलं, बरं. पान होईपर्यंत. त्यानंतर मी थांबणार नाही. हे मी दोघांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं.

पावणे जमले. ओसरीवर सतरंज्या पडल्या. कावळा लगेच आला, गाईनं तिचं पान खाल्लं. आत्यांनी कुत्रीचं पान स्वतः वाढलं, खिरीवर तूप ओतलं, अंगणात नेऊन ठेवलं. "यू यू" केलं, अगदी मामा करायचे तसं. कुत्री गोठ्याच्या भिंतीला पडली होती. ती उठली. पडत-झडत आली, शेपूट एकदा हलवलं, द्रोणावर नाक नेलं आणि तोंड फिरवलं. तिथंच तिला उमासे आले. नुसता हिरवट फेस, आणि त्यात नखाएवढं काहीतरी चकाकलं. मी ते बोटानं उचललं, बघितलं, मला कळेना काय आहे. पदराला बांधलं.

आत्या मटकन खाली बसल्या. "त्यांचा घास घेत न्हाई गं. रुसलं व्हय माझ्यावर?" ओसरीवर कुजबूज झाली. एक थोरले चुलत सासरे पाटावरूनच म्हणाले, "पोट धरलंय तिचं. तेल पाजा. बैल फुगला तर काय करतो आपन? अर्धी वाटी गोडं तेल, वर ओवा. घटकेत मोकळी व्हईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. बैलांना औषध पाजायची बांबूची नळी गोठ्यात टांगलेली असते. दीर ती घेऊन आले. दोघांनी कुत्रीला धरलं, एकानं जबडा फाकवला. बिचारी कण्हलीसुद्धा नाही, तेवढाही जोर उरला नव्हता.

मी कढीचं पातेलं घेऊन बाहेर येत होते. ते कुठं ठेवलं मला आठवत नाही. दिरांच्या हातातली नळी हिसकावली आणि गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावून दिली. असा आवाज झाला की गाई बुजल्या.

"बैलाचं नरडं आणि हिचं नरडं सारखं आहे का? ओकणाऱ्या जनावराच्या घशात तेल ओतताय, ते फुप्फुसात गेलं तर मरेल ती! काल डॉक्टर सांगून गेले!"

"वहिनी, आवाज खाली. पावण्यांपुढं..."

"पावण्यांनी जेवून घ्यावं. भात तिथं आहे, कढी आहे, वडे आहेत. ज्यांना हात आहेत त्यांनी वाढून घ्यावं. मी चालले. किल्ली द्या."

थोरले सासरे म्हणाले, "सूनबाई, कुत्र्यापायी सासऱ्याची पंगत मोडतीस?"

आणि दीर, जे कधी माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलत नाहीत, ते म्हणाले, "आमच्या बापाचा म्हाळ हाय, वहिनी. जरा लाज ठेवा."

तेव्हा मी बोलले. "तुमच्या बापालाही असंच ओवा देऊन बसवून ठेवलं होतं."

पानावरची माशी हाकलायलाही कुणाचा हात उठला नाही. ते बोलायला नको होतं, असं नंतर सगळे म्हणाले. नवरासुद्धा फोनवर म्हणाला. मला आजही वाटतं, बोलायलाच हवं होतं. कुणीतरी, कधीतरी, त्या ओसरीवर उभं राहून ते म्हणायलाच हवं होतं.

दिरांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि गाडीकडं गेले. एक एक करून टोमॅटोचे क्रेट परत खाली उतरवायला लागले. कुणी मदतीला आलं तर त्याला हातानंच मागं सारलं. मी कुत्रीला जुन्या सतरंजीवर घेतलं. आत्या कधी उठल्या मला कळलं नाही. बघते तर त्या केबिनमधे बसलेल्या, डोक्यावर पदर, आणि हात पुढं केलेले. "हिकडं दे तिला. माझ्या मांडीवर."

पुढं आळेफाट्याला नेहमीची गर्दी, एका ट्रकचं तोंड एकीकडं आणि शेपूट दुसरीकडं. दीर एरवी अशा वेळी चौकातल्या सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार करतात. त्या दिवशी नुसता हॉर्न वाजवला. नारायणगाव मागं पडलं. आत्यांचा हात कुत्रीच्या पोटावर होता. एकदा म्हणाल्या, "हितं गाठ लागती बघ." मी हात लावला. खरंच लागत होती. मी दिरांना म्हटलं, जरा पळवा. ते म्हणाले, "पळवतोच हाय."

मंचरचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, कमी बोलणाऱ्या. टेबलावर घेतल्या घेतल्या त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, ताप घेतला, आणि हाताखालच्या मुलीला सलाईन लावायला सांगितलं. मग विचारायला लागल्या. कधीपासून ओकते? पाणी ठरतं का? शी कधी झाली? रक्त पडलं का? काय खाल्लं? प्रत्येक प्रश्नाला आत्याच उत्तर देत होत्या, मला बोलूच दिलं नाही. काय खाल्लं म्हटल्यावर त्यांनी अभिमानानं सांगितलं, "म्हाळ खाती ती. समद्या वस्तीचं. पानासकट."

"कसलं पान?"

मी पदराची गाठ सोडली आणि तो चंदेरी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दिव्यापाशी धरला, मग माझ्याकडं पाहिलं. मशीन आणून पोटाची सोनोग्राफी केली. पडद्यावर मला पावसातल्या टीव्हीसारखं दिसत होतं, पण त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"इथं अडकलंय. याच्या मागचं आतडं फुगलंय. औषधानं हे सुटणार नाही. पोट उघडावं लागेल, आणि आत्ताच. थांबलं तर आतडं सडेल, फुटेल. उघडूनसुद्धा वाचेलच अशी खात्री मी देत नाही. अशक्त झालीये फार." मग त्यांनी विचारलं, "मालक कोण हिचे? होकार कोण देणार?"

आत्या म्हणाल्या, "मालक गेलं. आज त्यांचाच म्हाळ हाय."

मी भांडायच्या तयारीतच होते. आत्या आता म्हणणार, म्हाळाच्या दिवशी चाकू नको, उद्या बघू. मग मी काय म्हणायचं तेही माझं ठरलं होतं. पण आत्या टेबलाजवळ गेल्या. कुत्रीच्या कानामागं खाजवत राहिल्या.

"फुटंल म्हनालात ना?"

"हो आजी. थांबलो तर."

"फुटल्यावर काय व्हतं ते मला म्हाईत हाय," आत्या म्हणाल्या. "कापा. आत्ता कापा."

बाहेर बाकड्यावर आम्ही तिघं बसलो. कुणाचंतरी मांजर पिशवीतून ओरडत होतं. दिरांनी मोबाईल काढला, परत खिशात टाकला, परत काढला. एकदा हळूच म्हणाले, "वहिनी, पानी पिता का?" त्यांच्या भाषेत ही माफी असते. मी पाणी प्याले. माझ्या भाषेत ती माफ केल्याची पावती.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात ट्रे होता. "आहे जिवंत. आतडं काळं पडलं नव्हतं. आज आलात म्हणून. उद्या आला असतात तर मीही तुमच्यासारखीच नुसती हळहळले असते." ट्रेमधे एक बोळा होता, पिळलेल्या फडक्यासारखा घट्ट. त्यांनी चिमट्यानं तो उलगडायला घेतला. आतून चंदेरी पदर सुटत गेले, एकावर एक, एकात एक गुंतलेले. कुणाच्या म्हाळाचा कुठला, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

आत्यांनी पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. "आमचंच द्रोण हाय ते. आमीच घातलं तिच्या पोटात. आन मी वर हात जोडत व्हते, बाई, हात जोडत व्हते मी." त्या रडल्या. मामा गेले तेव्हासुद्धा चारचौघात रडल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, आणि रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एखाद्या वेळी ओकलं आणि हिंडतंफिरतं असेल तर घरी थांबा. पण पाणी ठरत नसेल, शी बंद असेल, पोट ताणलं असेल, रक्त दिसलं, किंवा जनावर मलूल पडलं, तर म्हाळ असो की लग्न असो, निघायचं. पिल्लू असेल, म्हातारं असेल तर आणखी लवकर."

कुत्रीला काही दिवस तिथंच ठेवायचं ठरलं. आम्हाला आत जाऊन बघू दिलं. पोटाला पट्टी, पायात सुई, जीभ बाहेर. आत्यांनी 'यू यू' केलं. डोळे उघडले नाहीत, पण शेपटीचं टोक हललं, अगदी टोकच. दीर म्हणाले, "लई चिवट हाय," आणि नाक पुसत चहा आणायला गेले.

आम्ही दोघीच बाकड्यावर राहिलो. मी दमले होते, अंगाला कढीचा वास येत होता, आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. आत्या समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "माझ्याबी पोटात दुखतंय."

"जेवला नाहीत म्हणून. चहाबरोबर बिस्किट खा."

"आजचं न्हाई. लई दिस झालं. बाजरी पेरायच्या आदीपासून. जेवलं की उजव्या अंगाला कळ येती, मागं पाठीत जाती. ओकलेबी मधी. तू गोठ्यात असायचीस."

मी उभी राहिले. "आणि सांगितलं नाहीत?" माझा आवाज असा चढला, की पिशवीतलं मांजर गप्प झालं. "एका घरात राहतो आपण! एका चुलीवर जेवतो! मला सांगायला काय धाड भरली होती?"

"कुठल्या तोंडानं सांगू?" आत्या म्हणाल्या. माझ्याकडं पाहिलंच नाही त्यांनी. "त्यांच्या टायमाला तू एवढी घसा फोडून ओरडलीस. मी हालले का? त्यांना ओवा मीच दिला. मंग माझ्यासाठी हाला, गाडी काढा, असं म्हनायला मला जागा राहिली का?" मग म्हणाल्या, "आज तू कुत्रीसाठी पंगत सोडून उठलीस. तवा मनात आलं, सांगून बघावं."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. माझ्या बाबतीत राग नेहमी दोन पावलं पुढं असतो, पण त्या वेळी तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी त्यांचं मनगट धरलं. बांगड्या ढिल्या झाल्या होत्या, कोपरापर्यंत सरकत होत्या. रोज बघत होते मी त्या बांगड्या.

"उठा," मी म्हटलं.

"आगं, म्हाळाचं पावणं..."

"उठा, आत्या."

दीर तीन कप चहा सांभाळत जिन्यावरून वर आले. माझा हात आत्यांच्या मनगटावर पाहून थबकले. मी म्हटलं, "भाऊजी, गाडी काढा."

"घरी ना?"

"नाही. माणसांच्या दवाखान्यात. आत्यांना दाखवायचंय. पोट दुखतंय त्यांचं."

त्यांनी एकदा आईकडं पाहिलं. मग तिन्ही कप तसेच बाकड्यावर ठेवले, खिशातून किल्ली काढली आणि आमच्या आधी जिना उतरायला लागले.